एन्थूमेसिस: आत दाबलेला राग की मनात घोळणारी गोष्ट?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: इब्री लोकांस पत्र ४:१२ वर बायबल स्टडी घ्यायचीय, अ‍ॅपमध्ये 'विचार' या शब्दावर बोट ठेवलं की स्ट्राँगचा नंबर (बायबलमधल्या मूळ शब्दांना दिलेला यादीतला क्रमांक) १७६१ येतो, शब्द एन्थूमेसिस, आणि एका प्रवचनात तुम्ही ऐकलंत की 'एन' म्हणजे आत, 'थूमॉस' म्हणजे राग, म्हणून या शब्दाचा खरा मूळ अर्थ 'आत दाबून ठेवलेला राग'. हे बरोबर आहे का, आणि नसेल तर नेमका अर्थ काय.

बरोबर नाहीये. पण का नाहीये ते सांगायला जरा वेळ लागेल, कारण प्रवचनात सांगितलेले दोन्ही तुकडे सुटेसुटे घेतले तर खरे आहेत, जोडताना चुकलंय. मी वीस-बावीस वर्षं प्राचीन ग्रीक शिकवतोय आणि सुरुवातीची दोन-तीन वर्षं मी स्वतः हेच 'आतला राग' वर्गात ठोकून सांगायचो, ऐकायला भारी वाटतं ना. मग एकदा मागच्या बाकावरच्या एका रिटायर्ड काकांनी शांतपणे विचारलं, "सर, मग मत्तयच्या पहिल्या अध्यायात योसेफ मरीयेवर चिडला होता का?" मी गप्प. त्या काकांचं उत्तर पुढे येतंयच.

आधी उच्चाराचं एक. ग्रीकमधलं ते थीटा अक्षर प्राचीन काळी अगदी आपल्या 'थ' सारखं होतं, जीभ दाताला लावून, हवा सोडून. इंग्रजीतून शिकलेली मंडळी ते दातात जीभ धरून फुसफुसतात, तो नंतरचा उच्चार आहे. या बाबतीत आपली लिपी नशीबवान, थ फ ख तिन्ही तयार आहेत. 'थू' मधला उ मात्र आपला नाही, ओठ 'ऊ' साठी गोल करायचे आणि 'ई' म्हणायचं, तो. येशूच्या काळापर्यंतही बहुधा तसाच, आणि आजचा ग्रीक माणूस त्याला सरळ 'ई' म्हणतो, त्यामुळे त्याच्या तोंडी हा शब्द एन्थीमिसीस असा येतो. यूट्यूबवर तीन जण तीन प्रकारे म्हणताना दिसले तर घाबरू नका.

आता थूमॉस. हा शब्द आणि संस्कृतमधला 'धूम', म्हणजे धूर, हे सख्खे भाऊ आहेत, लॅटिनमधला 'फूमुस' तिसरा भाऊ. तिघांचं मूळ एकच. संस्कृत आणि लॅटिनमध्ये तो धूरच राहिला, ग्रीकांनी मात्र त्याला उचलून छातीत ठेवला, आत जे भरून येतं, उकळतं, वर येतं ते. आपण काय वेगळं करतो, 'धुमसणं' त्याच धुरातून आलंय आणि आपण ते निखाऱ्यापेक्षा माणसाबद्दलच जास्त वापरतो, "तो कालपासून धुमसतोय".

पण लगेच 'बघा, राग!' म्हणू नका. प्राचीन ग्रीक महाकवी होमरमध्ये थूमॉस म्हणजे नुसता राग नाही. राग आहेच, पण भूकही आहे, हिंमत आहे, इच्छा आहे, शोक आहे, आणि माणूस मेला की हाडं सोडून जातो तोही थूमॉसच. मराठीत याला एकच शब्द जवळ येतो आणि तो 'मन' नाही, 'जीव'. जीव गेला, जीव जडला, जीव रमत नाही, जिवाला खातंय, जीव वरखाली होतोय. या प्रत्येक ठिकाणी होमर थूमॉस वापरू शकला असता. त्याच्या इलियड या ट्रॉयच्या युद्धावरच्या महाकाव्यात, बाविसाव्या सर्गात, ट्रॉयचा वीर हेक्टर याचं प्रेत रथामागे फरपटत नेताना बघून त्याची बायको अँड्रोमाखी बेशुद्ध पडते, आणि ती शुद्धीवर येते तेव्हा होमर म्हणतो की तिचा थूमॉस पुन्हा छातीत गोळा झाला. म्हणजे जिवात जीव आला, फक्त आपण ते सुटकेच्या वेळी म्हणतो आणि तिची तर सुटका नव्हती, पुढे विलापच आहे.

आणि हा थूमॉस बोलतो सुद्धा, तुमच्या शब्दासाठी हेच कामाचं आहे. इलियडचा अकरावा सर्ग, ग्रीक पळालेत, ओडिसिअस एकटा उरलाय, समोरून ट्रॉयचे लोक येतायत. तो कोणाशी बोलतो तर स्वतःच्या थूमॉसशी: माझं आता काय होणार, पळालो तर नामुष्की, एकटा सापडलो तर त्याहून वाईट. आणि मग मध्येच स्वतःला तोडून म्हणतो, पण माझा हा थूमॉस माझ्याशी असला वाद कशाला घालतोय! ही ओळ जशीच्या तशी इलियडमध्ये पाच वेळा येते, ओडिसिअस, मेनेलाओस, अगेनोर, हेक्टर आणि शेवटी अकिलीस. पहिले चौघे कात्रीत सापडलेले, अकिलीस तेवढा हेक्टरला मारून झाल्यावर बोलतोय. म्हणजे ग्रीकांच्या लेखी आतला विचार ही गुपचूप ठेवलेली वस्तू नव्हती, ती दोघांची बातचीत होती, एक मी आणि एक माझा थूमॉस. पुढे प्लेटोने तर व्याख्याच केली की विचार म्हणजे आत्म्याने स्वतःशी आवाज न करता केलेला संवाद. माझ्या मते त्या व्याख्येचं बी होमरच्या त्या रणांगणावरच पडलेलं आहे, पण हे माझं मत, परीक्षेत लिहू नका.

अशा काळात आणि अशा थूमॉसवरून क्रियापद तयार झालं, एन्थूमेओमाइ, 'थूमॉसमध्ये घेणं'. मनात घेणं, मनावर घेणं, मनात घोळवणं. मराठीत 'मनात', 'मनावर', 'मनाला' असे प्रत्यय बदलून आपण जी गंमत करतो (मनात येणं वेगळं, मनावर घेणं वेगळं, मनाला लावून घेणं त्याहून वेगळं) ती सगळी या एका क्रियापदात कोंबलेली आहे आणि संदर्भाने ठरवावी लागते. प्रवचनकारांच्या बाजूने एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगतो, 'मनाला लावून चिडणं' ही छटा एके काळी होती. आइस्खुलॉसच्या इ.स.पू. ४५८ च्या नाटकात, जिथे सूडदेवता आईला मारणाऱ्या ओरेस्टिसच्या मागे लागल्यात, तिथे अपोलो त्यांना म्हणतो की ही एक गोष्ट तुम्ही फारच मनाला लावून घेतलीय, आणि तिथे हेच क्रियापद आहे. पण ती बाजूची छटा. अथेन्सच्या कोर्टात वकिली भाषणं लिहिणारे, राजकीय भाषणं करणारे, सगळे हेच क्रियापद आज्ञार्थात वापरतात, "एन्थूमेइस्थे", म्हणजे लोकहो, हे लक्षात घ्या, याचा विचार करा. शेकडो ज्यूरींसमोर भर उन्हात उघडपणे वापरायचा शब्द, त्यात दाबलेलं काही नाही आणि राग तर अजिबात नाही.

मग राग आला कुठून? तो थूमॉसमध्ये नंतर आला, किंवा खरं तर बाकीचं सगळं निघून गेलं आणि राग तेवढा उरला. प्लेटोने आत्म्याचे तीन भाग पाडले, हिशेब करणारा, हवंहवंसं वाटणारा, आणि मधला हा थूमॉसवाला, जो चिडतो आणि लाज धरतो. त्यासाठी त्याने लिओन्टिओस नावाच्या माणसाची गोष्ट दिलीय. हा पिरेअस बंदराकडून भिंतीच्या कडेने शहराकडे येतोय, जल्लादाच्या जागेशी प्रेतं पडलेली दिसतात, बघावंसं वाटतं आणि स्वतःची किळसही येते, तोंड झाकून उभा राहतो, शेवटी राहवत नाही तेव्हा डोळे फाडून तिकडे धावतो आणि स्वतःच्याच डोळ्यांना म्हणतो, घ्या मेल्यांनो, बघा पोटभर! अपघाताच्या जागी गाडी स्लो करणारे आपण सगळे लिओन्टिओसच. असो. तर थूमॉस असा आकसत गेला, आणि नव्या करारापर्यंत पोचेस्तोवर एकटा थूमॉस म्हटलं की जवळपास सगळीकडे संताप. आजच्या ग्रीकमध्ये तर थिमोस म्हणजे सरळ राग.

प्रवचनाची चूक इथे आहे. थूमॉसचा पहिल्या शतकातला अर्थ घेतला आणि कित्येक शतकं आधी जोडल्या गेलेल्या शब्दात मागे नेऊन कोंबला. शब्द एकदा जोडला गेला की तो आपल्या वाटेने जातो, त्याच्या आतल्या तुकड्याचं पुढे काय झालं याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. आपली 'गोष्ट' घ्या. ती संस्कृत गोष्ठीवरून आली आणि गोष्ठी आली गोष्ठवरून, म्हणजे गाईंचा गोठा, गाई जमतात ती जागा, मग माणसं जमतात ती बैठक, मग बैठकीतल्या गप्पा. 'गोठा' हा शब्दही तिथूनच. पण आजी गोष्ट सांगायला बसली की कोणाला शेणाचा वास येतो का? उद्या एखाद्या ग्रीक माणसाने मराठी शिकून प्रवचन दिलं की मराठी लोकांच्या लेखी प्रत्येक कथा मुळात गाईंबद्दल असते, तर आपण हसू. आपण ग्रीकचं तेच करतो.

शब्दाची शेपटी पण बघा. '-सिस' हा प्रत्यय क्रियेसाठी, '-मा' हा बऱ्याचदा क्रियेतून निघालेल्या वस्तूसाठी. आपल्याकडे 'दळणं' आणि 'दळण' असतं तसं. एन्थूमेसिस म्हणजे मनात दळणं, आणि एन्थूमेमा म्हणजे त्यातून बाहेर आलेलं पीठ. हा दुसरा शब्द अ‍ॅरिस्टॉटलने उचलला आणि वक्तृत्वशास्त्रात गाजवला, त्याच्या मते मन वळवण्याच्या कामाचं शरीर म्हणजे हे एन्थूमेमा. त्याचं उदाहरण असं की डोरिअसला स्पर्धेत मुकुट मिळाला हे पटवायचंय तर 'तो ऑलिंपिया जिंकला' एवढं पुरे, ऑलिंपियाचं बक्षीस मुकुट असतं हे सांगायची गरज नाही, ऐकणारा आपल्या मनात भर घालतो. लक्षात येतंय का, इथेही आतली क्रिया आहे पण ती ऐकणाऱ्याच्या आत. (कोइनेमध्ये म्हणजे नव्या कराराच्या ग्रीकमध्ये -सिस आणि -मा मधली रेघ पुसट झालीय, त्यामुळे अनेकवचन दिसलं की 'विचार' म्हणायला हरकत नाही, प्रत्ययावर इमला बांधू नका.)

आता नवा करार. हा नाम-शब्द तिथे फक्त चार वेळा येतो, म्हणून चारही जागा एका संध्याकाळी वाचून होतात, आणि मी सगळ्यांना हेच सांगतो की कोशाच्या आधी हे करा. मत्तय ९:४, मत्तय १२:२५, प्रेषितांची कृत्ये १७:२९ आणि तुमचं इब्री ४:१२. क्रियापद मत्तय १:२० आणि ९:४ मध्ये.

पहिले ते काका. मत्तय १:१९ मध्ये योसेफला कळलंय की मरीया गरोदर आहे, तो नीतिमान आहे आणि तिची चारचौघांत बेअब्रू व्हावी असं त्याला वाटत नाही, म्हणून गुपचूप सोडायचं ठरवतो. आणि लगेच २० मध्ये ते क्रियापद, 'त्याने हे मनात घोळवलं असता', पाहा, स्वप्नात देवदूत. मुळातला काळ असा आहे की घोळवून झालंय, निर्णयाच्या उंबऱ्यावर तो उभा आहे. इथे राग घाला आणि वाक्य वाचून बघा. आधीच्या वाक्यात जो माणूस तिची अब्रू झाकतोय तो पुढच्या वाक्यात धुमसत कसा बसेल? जमतच नाही. तो रात्रभर कूस बदलणारा माणूस आहे, ओडिसिअससारखाच कात्रीत सापडलेला, आणि माझ्या मते नव्या करारात या क्रियापदाचा सगळ्यात सुंदर वापर हाच आहे.

मत्तय ९:४ मध्ये पक्षाघात झालेल्या माणसाला येशू म्हणतो तुझ्या पापांची क्षमा झाली, तिथले काही शास्त्री आपल्याशीच म्हणतात की हा देवनिंदा करतोय, आणि येशू त्यांचे एन्थूमेसेइस (आपल्या शब्दाचं अनेकवचन) बघून बोलतो. काही जुन्या हस्तलिखितांत 'बघून' आहे आणि काहींत 'जाणून', ग्रीकमध्ये दोन्हींत फक्त दोन अक्षरांचा फरक, इदोन आणि एइदोस, एक सुरुवातीला आणि एक शेवटी. मला 'बघून' आवडतं, विचार चेहऱ्यावर दिसल्यासारखं. आता हाच प्रसंग मार्क २:८ आणि लूक ५:२२ मध्ये काढा. तिथे मत्तयचा शब्द नाहीये, तिथे दिआलोगिझेस्थाइ आणि दिआलोगिस्मोस आहे, मनातल्या मनात वाद घालणं, आणि ओडिसिअसचा थूमॉस जे क्रियापद वापरून त्याच्याशी वाद घालत होता ते याच खानदानातलं. प्रसंग तोच, तेच लोक, तीन लेखक, आणि मत्तयला हा शब्द इतरांच्या शब्दाच्या जागी चालतो. यापेक्षा चांगला कोश कुठे मिळणार. शास्त्री तिथे चिडलेले असतीलही, पण ती माहिती गोष्टीतून मिळते, शब्दातून नाही, आणि म्हणून तर येशूला पुढे 'वाईट' हा शब्द वेगळा जोडावा लागतो: तुम्ही आपल्या अंतःकरणात वाईट का घोळवता. शब्दातच वाईटपणा असता तर तो जोडायची गरज काय होती?

कृत्ये १७ मध्ये तर प्रवचनाचा अर्थ पार आडवा होतो. पौल अथेन्समध्ये अरीयपगावर उभा राहून म्हणतो की देव हा सोन्यारुप्याच्या किंवा दगडाच्या, माणसाच्या कलेने आणि एन्थूमेसिसने घडवलेल्या वस्तूसारखा आहे असं समजू नये. इथे अर्थ कल्पना, डिझाइन. मूर्तिकार दगडाला हात लावण्याआधी डोक्यात जे बघतो ते. 'माणसाच्या दाबलेल्या रागाने घडवलेली मूर्ती' असं भाषांतर करून बघा.

आणि तुमचं वचन. तिथे दोन शब्द जोडीने आहेत, एन्थूमेसिस आणि एन्नोइआ, मराठीत आपण 'विचार' आणि 'हेतू' वाचतो. खरं सांगू तर मला 'हेतू' जास्त प्रश्न विचारण्यासारखा वाटतो. एन्नोइआ म्हणजे 'नूस' मध्ये, बुद्धीत असलेलं, म्हणजे धारणा, बनलेली कल्पना. युक्लिडच्या भूमितीत सुरुवातीला जी स्वयंसिद्ध विधानं आहेत, एकाच वस्तूशी समान असलेल्या वस्तू एकमेकींशी समान असतात वगैरे, त्यांना ग्रीकमध्ये 'कोइनाइ एन्नोइआइ' म्हणतात, सगळ्यांच्या सामाईक धारणा. त्यात हेतू कुठला. पण १ पेत्र ४:१ मध्ये तीच एन्नोइआ शस्त्रासारखी धारण करा असं म्हटलंय, तिथे ती मनाची ठाम भूमिका होते, आणि इब्री पत्रात समोर 'अंतःकरणाचे' असं आहे, त्यामुळे 'हेतू' अगदीच चूक नाही. मी जोडीचा अर्थ असा लावतो: एक अजून घोळतंय ते, आणि एक घोळून घट्ट झालंय ते. पातेल्यातलं दूध आणि खालचा खवा. वचन म्हणतं की देवाचं वचन दोन्हींचं 'क्रिटिकोस' आहे, निवाडा करू शकणारं, आणि हा क्रिटिकोस नव्या करारात एवढ्या एकाच ठिकाणी आहे. 'गुप्त' हा अर्थ एन्थूमेसिसमध्ये नाही, तो पुढच्या वचनातून येतो, जिथे म्हटलंय की त्याच्या दृष्टीला अदृश्य अशी कोणतीच निर्मिती नाही.

जमलं तर पंडिता रमाबाईंचं भाषांतर शेजारी ठेवून बघा. केडगावला मुक्ती मिशनचा एवढा पसारा सांभाळत बाईंनी हिब्रू-ग्रीक शिकून थेट मुळावरून मराठीत आणलं, १९२२ मध्ये त्या गेल्या तोवर या कामात होत्या. आणि जुन्या करारासाठी एक खजिना सांगून ठेवतो, उत्पत्ती ६:६. हिब्रूत देवाला माणूस केल्याचा अनुताप झाला असं आहे, ते सेप्टुआजिंटच्या, म्हणजे जुन्या कराराच्या प्राचीन ग्रीक भाषांतराच्या, भाषांतरकारांना ग्रीकमध्ये म्हणवेना, देव कसा पस्तावेल, म्हणून त्यांनी तिथे आपलं हेच क्रियापद घातलं, देवाने ते मनात घोळवलं. पस्तावा झाकायला विचार पुढे केला. म्हणजे शब्द इतका सभ्य आणि थंड होता की देवाचा पस्तावा लपवायला चालला.

विषय निघालाच आहे तर एक चक्रम वळण. दुसऱ्या शतकातल्या व्हॅलेन्टिनसच्या पंथात (चर्चने पाखंडी ठरवलेला एक गूढवादी पंथ) एन्थूमेसिस ही चक्क एक पात्र झाली. सोफिया नावाच्या दिव्य शक्तीचा भरकटलेला विचार तिच्यापासून तोडून दिव्यलोकाबाहेर टाकला, तो बाहेर रडत बसला, आणि त्याच्या अश्रूंपासून पाणी झालं, हसण्यापासून उजेड. इरेनेअस या बिशपने साधारण इ.स. १८० च्या सुमाराला याची यथेच्छ टर उडवलीय, की अश्रू खारट म्हणून समुद्र झाला हे ठीक, पण मग गोड्या पाण्याच्या विहिरी या एन्थूमेसिसच्या घामापासून झाल्या असतील का. हे बायबल स्टडीत सांगू नका, तासभर तिथेच जाईल.

तर तुमच्या स्लाइडवरून 'आत दाबलेला राग' ही ओळ काढा आणि तिथे योसेफचं वाक्य टाका. मराठीत एकच प्रतिशब्द हवा असेल तर 'मनात घोळणं' लिहा, विशेषणं वचनातून घ्या. स्ट्राँगचा नंबर फेकून द्यायची गरज नाही, तो यादी शोधायला उत्तम आहे, फक्त त्याच्या शेजारी दिलेली एक-दोन शब्दांची नोंद म्हणजे अर्थ नव्हे, ती दाराची बेल आहे.

शेवटी तुम्ही विचारलंय की आजच्या ग्रीकमध्ये हा शब्द आहे का. त्याचं कुटुंब आहे. थिमामे म्हणजे मला आठवतं, आणि एन्थीमिओ म्हणजे आठवण म्हणून आणलेली वस्तू. या एन्थीमिओचा पूर्वज ग्रीक इतिहासकार हिरॉडोटसमध्ये सापडतो. इ.स.पू. ४८० मध्ये इराणचा राजा झर्क्सिस याने अथेन्सचं अ‍ॅक्रोपोलिस जाळलं आणि दुसऱ्या दिवशी आपल्याबरोबरच्या हद्दपार अथेनियन लोकांना बोलावून म्हणाला, वर जा आणि तुमच्या पद्धतीने पूजा करा. का, तर हिरॉडोटस म्हणतो, एकतर त्याला स्वप्न पडलं असेल, नाहीतर देऊळ जाळल्याचं त्याला एन्थूमिओन झालं असेल, म्हणजे मनाला टोचणी लागली असेल. ते लोक वर गेले तर जळालेल्या पवित्र ऑलिव्हच्या बुंध्याला हातभर कोंब फुटलेला. आणि आज त्याच टेकडीच्या पायथ्याशी पार्थेनॉनचे फ्रिज मॅग्नेट मिळतात, घरी नेले की तेही एन्थीमिओच.